घर घ्यायचंय? आधी स्वतःचा वकील शोधा

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला. तिथल्या लोकांनी चोरून कुठे झोपडं बांधलं नव्हतं. त्यांच्याकडे नोंदवलेले करारनामे होते, मुद्रांक शुल्काच्या पावत्या होत्या, अनेकांना बँकेनं कर्ज दिलं होतं, आणि इमारतींना महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांकसुद्धा होता. नव्हती ती महापालिकेची खरी बांधकाम परवानगी. महारेराकडे जोडलेली परवानगीपत्रं बनावट होती.

मग हे कुणी बघायचं होतं? लग्नाच्या स्वयंपाकात चार आचारी असले की आमटी हमखास अळणी होते, कारण प्रत्येकाला वाटतं मीठ दुसऱ्यानं घातलं असेल. घरखरेदीतही तसंच होतं. बँकेला वाटतं महारेरानं पाहिलं असेल, ग्राहकाला वाटतं बँकेनं पाहिलं असेल, एजंटला काहीच वाटत नाही. या सगळ्या गर्दीत फक्त तुमच्या बाजूनं कागद वाचणारा माणूस एकच असू शकतो, तो म्हणजे तुम्ही स्वतः पैसे देऊन नेमलेला वकील. आणि नेमका तोच खर्च आपण वाचवतो.

दस्त नोंदवला म्हणजे मालकी पक्की झाली ना?

नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पोस्टात आपण पत्र रजिस्टर करतो तेव्हा पोस्टातला कारकून वजन बघतो, तिकीट बघतो, पावती देतो. आत लिहिलेलं खरं आहे की खोटं, हे तो बघत नाही आणि बघायचा त्याला अधिकारही नाही. दुय्यम निबंधकाचं, म्हणजे दस्त नोंदवून घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, काम बरंचसं असंच आहे. सही करणारा तोच माणूस आहे का, मुद्रांक शुल्क पुरेसं भरलंय का, सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त आणलाय का, हे तो पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे का, हा प्रश्न त्याच्या टेबलावर येतच नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका नियमावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं: लिहून देणाऱ्याची मालकी तपासणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम नव्हे.

त्याच वर्षी पुण्यात मुंढव्याच्या सुमारे ४० एकर वतनी, म्हणजे पूर्वी गावकामाच्या बदल्यात दिलेल्या, जमिनीच्या विक्रीचा दस्त नोंदला गेला. आता सरकारी मालकीची असलेली ही जमीन विकलीच कशी गेली, यावरून नोव्हेंबरात जो गदारोळ झाला तो तुम्ही वाचला असेल. नोंदणी मात्र झालेली होती.

सातबाराचंही तसंच. तो मुळात महसुलासाठी ठेवलेला उतारा आहे. पुरावा म्हणून त्याला किंमत आहे, पण नुसतं सातबारावर नाव चढल्यानं कुणी मालक होत नाही आणि उतरल्यानं मालकी जात नाही.

मग मालकी ठरते कशावरून? कागदांच्या साखळीवरून. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे सगळे दुवे नीट जुळले, मध्ये कुणाचा हक्क लोंबकळत राहिला नाही, कुणाचं कर्ज उरलं नाही, तर विकणाऱ्याचं ‘टायटल’ स्वच्छ आहे असं म्हणतात. आपल्याकडे सरकार टायटलची हमी देत नाही. ती साखळी तपासायची जबाबदारी घेणाऱ्याची.

साखळी तपासतात म्हणजे काय करतात?

माझ्या धाकट्या बहिणीनं पुण्यात जुना फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा हे काम मी जवळून पाहिलं. तिनं ज्या वकीलबाईंना काम दिलं, त्यांनी फाईल उघडली आणि टेबलावर पत्ते मांडावेत तसे कागद ओळीनं मांडले. १९९१ चा बिल्डरचा करारनामा. २००६ ची पहिली विक्री. मग एकदम २०१५ चं सोसायटीचं पत्र, की भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) आता मुलाच्या नावे केला आहे. बाईंनी २००६ आणि २०१५ च्या कागदांमधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “इथे काय झालं?”

विकणारे गृहस्थ म्हणाले, वडील वारले, मी नॉमिनी होतो, सोसायटीनं माझं नाव लावलं.

“वडिलांच्या मागे कोण कोण?”

आई आधीच गेलेली. एक बहीण, लग्न होऊन नागपूरला. झालं, पेच तिथेच होता. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीनं कुणाशी व्यवहार करायचा याची ती सोय असते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या मुलीचा वाटा मुलाइतकाच. त्या बहिणीनं नोंदवलेलं हक्कसोडपत्र दिलेलं नव्हतं, म्हणजे भावाला निम्माच फ्लॅट विकता येत होता. भागदाखला, वीजबिल, मालमत्ता कराची पावती, सगळं त्याच्या एकट्याच्या नावे असूनही.

हे बाईंना कुठल्या गुप्त दप्तरात सापडलं नाही. त्यांनी प्रश्न विचारला म्हणून कळलं. बाकी काम दप्तरातलं: दुय्यम निबंधकाकडच्या इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याचा, ३० वर्षांचा शोध. तीसच का, तर गहाण सोडवून घ्यायची मुदत ३० वर्षांची आहे, हे त्यामागचं एक कारण. अलीकडचा शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या घेता येतो. जुन्यासाठी कार्यालयात जाऊन पुस्तकं चाळावी लागतात, आणि सर्च रिपोर्टमध्ये ‘अमुक वर्षाची पाने फाटलेली’ असा शेरा हमखास असतो. हा शेरा वरवर वाचून पुढे जाऊ नका. फाटलेल्या पानावर काय होतं ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून त्या वर्षांसाठी वकिलानं दुसरा काय आधार घेतला ते विचारा.

आणखी एक गोष्ट दप्तरात न दिसणारी. घराचे मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज काढता येतं. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना नोंदवायची सक्ती २०१३ पासून आहे. त्याआधीचं गहाण शोधात दिसेलच असं नाही. म्हणून चांगला वकील झेरॉक्सवर समाधान मानत नाही, “मूळ प्रती दाखवा” म्हणतो. “बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, नंतर दाखवतो” हे उत्तर आलं की त्याचे कान टवकारले पाहिजेत. मग पेपरात जाहीर नोटीस येते, ‘कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे’ अशी. तिचा उपयोग मर्यादित असतो, पण पुढे वाद झालाच तर आपण गाफील नव्हतो हे दाखवायला ती बरी.

बँकेनं कर्ज दिलंय की! त्यांच्या वकिलानं पाहिलं असेलच

पाहिलेलं असतं. बँकेच्या पॅनेलवरचा वकील टायटल रिपोर्ट देतो आणि त्याची फी बहुधा तुमच्याकडूनच वसूल होते. पण तो रिपोर्ट बँकेसाठी असतो. बँकेला आपलं कर्ज वसूल होईल का एवढं बघायचं असतं, आणि घराचं काहीही झालं तरी हप्ते तुमच्याच पगारातून जातात. पार्किंग कराराप्रमाणे मिळालंय का, मेंटेनन्स थकलाय का, गच्चीवर कुणी हक्क सांगतंय का, यात बँकेला रस नसतो. डोंबिवलीत कर्ज मंजूर झालं होतंच.

एक करा: बँकेच्या रिपोर्टची प्रत मागा. सगळ्या बँका देतात असं नाही, पण मिळाली तर आपल्या वकिलाला वाचायला द्या.

बिल्डरचा वकील फुकटात करून देतोय

बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियम आहे, की एखाद्या कामात एका पक्षाची बाजू घेतली की त्याच कामात विरुद्ध पक्षाची वकिली करायची नाही. बिल्डरचा वकील कितीही सज्जन असला तरी करारनाम्यातलं कलम बिल्डरच्या सोयीचं आणि तुमच्या गैरसोयीचं असेल तर तो तुम्हाला कोपऱ्यात घेऊन सांगणार नाही. सांगितलं तर तो आपल्या अशिलाशी बेइमानी करेल.

नव्या प्रकल्पात कायदा तुमच्या बाजूनं बराच उभा आहे, हे मान्य. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जमिनीच्या मालकीत दोष निघून तुमचं नुकसान झालं तर भरपाई मागायला मुदतीचं बंधन नाही. महारेराच्या संकेतस्थळावर करारनाम्याचा मसुदा, टायटल रिपोर्ट, परवानग्या सगळं पाहायला मिळतं. पण मिळतं म्हणजे कुणीतरी बसून वाचायला हवं. तुमच्या वकिलानं निदान बांधकाम परवानगीची प्रत महापालिकेकडून पडताळून घ्यावी. डोंबिवलीचा धडा तेवढाच आहे आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

एजंटनं सुचवलेल्या वकिलाबद्दल मी जरा जास्तच संशयी आहे. एजंटची दलाली व्यवहार पार पडला तरच मिळते. दर महिन्याला चार कामं पाठवणाऱ्या एजंटला “हा फ्लॅट घेऊ नका” असा सल्ला आवडत नाही, आणि वकिलालाही ते माहीत असतं.

सॉलिसिटर लागतो का, की साधा वकील चालतो?

मुंबईत हा शब्द अजून भाव खातो. ब्रिटिशांच्या काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत कामाची विभागणी होती: कागदपत्रं तयार करणारे ॲटर्नी किंवा सॉलिसिटर वेगळे, न्यायाधीशापुढे उभे राहणारे वेगळे. ही दुहेरी पद्धत कायद्यानं १९७७ पासून बंद झाली. मात्र १८९४ पासूनची बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा अजून घेते, त्यामुळे मुंबईत पाटीवर हा शब्द दिसतो. मालमत्तेच्या कागदांत मुरलेला माणूस असा त्याचा साधारण अर्थ घ्यायला हरकत नाही. पण घरासाठी सॉलिसिटरच हवा अशी सक्ती कुठेही नाही. चाळीसगावातल्या प्लॉटसाठी फोर्टमधल्या फर्मपेक्षा चाळीसगावच्या तहसीलचे फेरफार (सातबारावरच्या बदलांच्या नोंदी) रोज बघणारा वकील जास्त कामाचा.

जागेची माहिती किती महत्त्वाची, ते गोव्याकडे बघून कळतं. म्हापशात घर घेणाऱ्या पुणेकरानं पुण्याचा वकील नेला तर तो बहुधा अडखळेल. तिथला उतारा वेगळा, ‘एक-चौदा’. पोर्तुगीज दिवाणी कायद्याच्या वारशामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून विकताना दोघांच्या सह्या लागतात. वारसांची वाटणी ‘इन्व्हेंटरी’ नावाच्या प्रक्रियेतून होते. हे ठाऊक नसलेल्याच्या लक्षात चूक येणारही नाही.

महाराष्ट्रातही जमीन घेत असाल तर कूळकायदा, वतन, भोगवटादार वर्ग दोन (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), आदिवासी जमीन ही नावं ज्याच्या ओठावर आहेत असाच वकील शोधा. सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली एक बारीक ओळ अख्खा व्यवहार बेकायदा ठरवू शकते. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे विकणाऱ्यांच्या जाहिराती जितक्या गोड, तितका हा रकाना कडू निघतो.

भाचा वकील आहे, त्यालाच सांगू का?

भाचा फौजदारी करतो की मोटार अपघाताचे दावे, ते आधी विचारा. दाताच्या दुखण्याला आपण हाडाच्या डॉक्टरकडे जात नाही. ओळखीतल्या माणसाची दुसरी अडचण अशी की त्याला फी द्यायला आपण लाजतो आणि कामाची घाई करायलाही लाजतो.

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे नाव शोधायचं कुठे हा प्रश्न खराच. ज्या सोसायटीनं डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरनं न दिलेली जमीन कायद्यानं आपल्या नावे करून घेणं, पूर्ण केलंय तिच्या सेक्रेटरीला विचारा. त्या कामात मुरलेला वकील कागदांचा किडा असतो. त्याच भागात गेल्या दोन-चार वर्षांत घर घेतलेल्यांना विचारा, पण “चांगला आहे का” असं नको. “त्यानं तुम्हाला काय अडवलं?” असं विचारा. “काहीच नाही, दोन दिवसांत रिपोर्ट हातात” असं उत्तर आलं तर पुढचं नाव बघा.

पहिल्या भेटीत तुम्ही त्याला पारखाल, पण त्यापेक्षा तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. विकणाऱ्याकडे घर आलं कसं? मूळ कागद कुठे आहेत? भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला महापालिकेनं दिलेली परवानगी, आहे का? तिथे सध्या राहतं कोण? भाडेकरू आहे? टोकन दिलंत का? या शेवटच्या प्रश्नाला तुमचं उत्तर “नाही” असेल तर तो खूश होईल. बहुतेक लोक लाखभर रुपये विसार देऊन, पेढे वाटून मग वकिलाकडे जातात. तेव्हा वकील दोष काढतो आणि आपल्याला तो शुभकार्यात शिंकणारा वाटतो. वकील आधी, विसार नंतर. विसारपावतीत एक ओळ तोच घालून देईल: टायटल स्वच्छ न निघाल्यास रक्कम परत.

शेवटी हातात पडतो तो लेखी टायटल रिपोर्ट. त्यात ‘निर्वेध व बोजारहित’ हे शब्द शोधू नका, ‘अधीन राहून’ हे शोधा. ‘अमुक वारसाच्या संमतीच्या अधीन राहून’, ‘मूळ दस्त पाहण्याच्या अधीन राहून’. अशा प्रत्येक ठिकाणी वकिलानं आपली मान सोडवून घेतलेली असते. त्यातली प्रत्येक अट खरेदीखताआधी पुरी झाली का, हे त्याच्याकडूनच लिहून घ्या.

पण फी परवडायला हवी ना!

हिशेब करून बघू. पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट पुरुषाच्या नावे घेतला तर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार. बाईच्या एकटीच्या नावे घेतला तर शुल्कात एक टक्का, म्हणजे ६० हजार वाचतात. एजंट एक टक्का घेत असेल तर त्याचे ६० हजार. एजंटनं तुम्हाला घर दाखवलं. वकील ते घर विकणाऱ्याचं आहे की नाही ते सांगतो. दोघांच्या फीची तुलना तुम्हीच करा.

फी ठरलेल्या रकमेत घ्या, टक्केवारीत नको, आणि त्यात काय काय आलं ते लिहून घ्या: शोध, रिपोर्ट, जाहीर नोटीस, मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी. शोधाचं सरकारी शुल्क आणि पेपरचा खर्च वेगळा असतो, त्यावरून नंतर वाद होतात. सगळ्यात महत्त्वाचं: व्यवहार मोडला तरी त्याची फी त्याला मिळेल असं ठरवा. ऐकायला विचित्र वाटतं. पण घर घेऊ नका म्हणण्यानं ज्याचं नुकसान होत नाही, तोच ते मोकळेपणानं म्हणेल.

वकील चुकला तर ग्राहक मंच आहेच

नाही, तिथे जाता येत नाही. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवून टाकलं, की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, दिवाणी दावा लावता येतो, दोन्ही वेळखाऊ. फौजदारीचं म्हणाल, तर बँकेला दिलेला टायटल रिपोर्ट चुकीचा निघाला एवढ्यावरून वकिलाला कटात ओढता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच म्हटलंय. माझ्या मते ते बरोबरही आहे, नाहीतर कुणी रिपोर्टच देणार नाही. म्हणून निवड आधी नीट करायची. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे का, तेवढं पाहा. सनद क्रमांकात वर्षही असतं, म्हणजे अनुभव किती तेही कळतं.

विकणाऱ्याला वकील कशाला?

पैसे घ्यायचे आणि चावी द्यायची, यात अडचण काय, असं वाटतं. अडचण क्रमाची असते. पूर्ण पैसे खात्यात यायच्या आधी ताबा गेला की उरलेल्या रकमेसाठी घेणाऱ्याच्या पाठी फिरावं लागतं. घरावर कर्ज असेल तर घेणाऱ्याच्या बँकेचा चेक आपल्या बँकेत आधी जायला हवा, मग मूळ कागद सुटतात. हा क्रम करारात लिहावा लागतो. घराच्या मालकीत दोष ठाऊक असेल तर तो घेणाऱ्याला सांगणं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. ५० लाख किंवा त्यावर किंमत असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापतो, तो आपल्या पॅनवर जमा झाला का हे पाहायचं.

परदेशातल्या मराठी लोकांनी तर इथे जास्तच जपावं. विकणारा अनिवासी असेल तर तो एक टक्क्याचा नियम लागू होत नाही, कापणी बरीच जास्त होते. भावाच्या नावे पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे अनेकांना नोंदणीच्या दिवशी खिडकीवर कळतं. आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकलं’ असं होत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मार्ग बंद केला.

माझ्या बहिणीच्या व्यवहारात विकणाऱ्या गृहस्थांना फसवायचं मुळीच नव्हतं. नाव लागलं म्हणजे घर आपलं, असंच त्यांना वाटत होतं. त्यांचा स्वतःचा वकील असता तर फ्लॅट बाजारात आणायच्या आधीच त्यानं हे सांगितलं असतं. आता सात आठवडे गेले. नागपूरच्या बहिणीला भावाचा फोन गेला तेव्हा ती म्हणाली, मला दहा वर्षांत कुणी विचारलंच नाही. किमतीतला तिचा वाटा ठरला आणि खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून दोन नावं आली. नोंदणीच्या दिवशी ती गाडीनं आली, अंगठा उमटवला, कॅमेऱ्यात पाहिलं, आणि निघताना वकीलबाईंना म्हणाली, इंडेक्स टूची एक प्रत मलाही द्या.